भेगाळणाऱ्या मातीची ओळख

उजनीच्या काठची, करमाळा-माढ्याकडची आणि पलीकडे इंदापूरची काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून घडली. उन्हाळ्यात ती खोलवर भेगाळते, पावसात फुगून भेगा मिटवते. हा गुण स्मेक्टाइट या चिकणखनिजाचा. त्याचे कण दोन मायक्रॉनहून लहान, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखू येत नाहीत. खात्री पटते ती क्ष-किरण विवर्तनाने.

स्फटिकात अणूंची प्रतले ठरावीक अंतरावर रचलेली असतात. क्ष-किरणांची तरंगलांबी साधारण तेवढीच, म्हणून काही नेमक्या कोनांतच परतणारे किरण एकमेकांना बळ देतात. माक्स फोन लाउए यांनी सुचवलेल्या प्रयोगाने १९१२ मध्ये हे विवर्तन दिसले आणि लगोलग लॉरेन्स ब्रॅग यांनी कोनावरून प्रतलांतील अंतर काढण्याचे सूत्र दिले. परतलेल्या किरणांच्या तीव्रतेच्या आलेखात क्वार्ट्झचे ठळक शिखर ३.३४ अँगस्ट्रॉमला येते, तर चुनखडीतल्या कॅल्साइटचे ३.०३ ला. एका शिखरावर निकाल देऊ नये. तीन-चार तरी जुळली पाहिजेत.

स्मेक्टाइटची परीक्षा याहून कसून होते. मातीतला चुना आणि सेंद्रिय अंश काढून बारीक कण काचपट्टीवर वाळवतात, म्हणजे पापुद्रे आडवे बसतात. कॅल्शियमयुक्त नमुन्यात शिखर १५ अँगस्ट्रॉमच्या आसपास असते. ग्लायकॉलची वाफ दिली की थर फाकतात आणि ते १७ वर जाते. पोटॅशियमयुक्त नमुना ५५० अंश सेल्सिअसला तापवला की थर मिटून ते १० वर येते. क्लोराइट या दुसऱ्या चिकणखनिजाचे शिखर मात्र १४ च्या आसपासच राहते. केओलिनाइटचे ७ चे शिखर या तापमानाला नाहीसे होते.

मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश असते, खनिज नसते. धरणकाठच्या उसाच्या पट्ट्यात ही उणीव मोठी आहे. जलाशयातला गाळ मुरमाड रानात टाकला तर त्यातले स्मेक्टाइट ओल धरून ठेवते. तोच गाळ भारी काळ्या रानात पडला तर आधीच कष्टाने होणारा निचरा आणखी मंदावतो आणि जमीन चिबड होते. प्रत्येक शेताचा आलेख काढायची गरज नाही, पण गावातल्या प्रत्येक माती-प्रकाराचा एक तरी काढायलाच हवा.

बेसाल्टच्या पोकळ्यांतली झिओलाइट खनिजेही आलेखात दिसतात. त्यांपैकी ह्यूलँडाइटचे शिखर ९ अँगस्ट्रॉमजवळ येते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील पाल, भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अशी कॅल्शियमयुक्त झिओलाइटे मातीला कॅल्शियम पुरवतात आणि जमीन चोपण होण्याला आवर घालतात. चोपण सुधारायला जिप्सम टाकण्याआधी ही माहिती हाती असणे फार मोलाचे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. स्फटिकरचना नसलेल्या पदार्थांची नेमकी शिखरे उमटत नाहीत. एखाद-दोन टक्के असलेले खनिज सहज निसटते. म्हणून आलेखासोबत विनिमयी सोडियम आणि पाणी झिरपण्याचा वेगही मोजावा, आणि नमुना वरच्या वीतभर मातीचा न घेता मुळांच्या खोलीपर्यंत थरवार घ्यावा.