थोडा राक्षस हवा होता

20 जून 2025 ला आलेल्या पिक्सारच्या ‘एलिओ’ या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत जेमतेम दोन कोटी डॉलर कमावले. या स्टुडिओची ही सर्वांत थंड सुरुवात. आईबाप गमावलेला पोरगा परग्रहवासीयांना पृथ्वीचा पुढारी वाटतो, ही कल्पना झकास. पण परके सगळे इतके गोडगोड की भ्यायला जागाच नाही. ग्रायगन नावाचा सेनानी डोळे वटारतो खरा, पण शेवटी तोही लेकापुढे विरघळतो.

आपल्याकडे राक्षसांची अशी टंचाई नव्हती. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं केलं. त्या परंपरेतले राक्षस आरडाओरडा करतच रंगमंचावर शिरायचे!

सातारा-सांगलीच्या बालवाचकांनो, पुढच्या अंकासाठी परग्रहाच्या कथा पाठवा. त्याआधी जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचा. आणि परग्रहावरचा पाहुणा थोडा तरी खवीस असू द्या.