एक लाडू, दोन लाडू

इंग्रजी शाळेत जाणारा नातू घरात असला, की आजीची परीक्षा रोजचीच. तिच्या तोंडून ‘चिल्ड्रन्स’ निघायचा अवकाश, नातू हसलाच म्हणून समजा! मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या आमच्या काशीमीरा भागात मराठी, गुजराती, हिंदी शेजारी शेजारी नांदतात. धाक मात्र इंग्रजीचा. म्हणून आज आजीच्या बाजूने थोडी वकिली करावी म्हणतो.

‘चिल्ड्रन’ हा शब्द मुळातच दुहेरी अनेकवचनी आहे. जुन्या इंग्रजीत ‘चाइल्ड’चे अनेकवचन रकाराने होत असे. पुढे लोकांना तेवढे पुरेना, म्हणून त्यावर नकार चढला. आजीने त्यावर सकार चढवला, इतकेच! ‘फूट’चे ‘फीट’ हीसुद्धा लहर नव्हे. फार पूर्वी या शब्दाच्या अनेकवचनाला इकाराचा प्रत्यय होता. त्याने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढले आणि स्वतः गळून गेला. पाहुणा गेला, पण त्याने हलवलेली खुर्ची तिथेच राहिली.

आणि नातोबा, आपल्या फराळाच्या ताटाकडेही पाहा. करंजीच्या करंज्या, अनारशाचे अनारसे, कडबोळ्याची कडबोळी. पण लाडू एक असो की दहा, लाडूच! इंग्रजीतल्या ‘शीप’चा हा सख्खा भाऊ. वीट एक, विटा अनेक. पण त्याच विटा रचल्या की होतात भिंती, ‘भिंता’ नव्हेत. कां, ते विचारू नये.

परके शब्दही आपण असेच वाटून घेतले. बँका आणि बॅगा विटांच्या ओळीत बसल्या, सायकली आणि फायली भिंतींच्या. अडली ती बस. ‘बसा’ म्हणावे, तर उभ्या माणसाला आमंत्रण. म्हैस-म्हशीच्या चालीवर ‘बशी’ म्हणावे, तर चहा ओतायची सोय! शेवटी ‘बसेस’ म्हणून इंग्रजांचाच प्रत्यय ठेवून घेतला.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. पण ‘विटा’ आणि ‘भिंती’ कोणते मूल व्याकरणातून शिकले? ती शिकायची कानांनी. आणि कानावर पडायचे थांबले, की असली रूपे जातात. इंग्रजीत ‘काउ’चे अनेकवचन एके काळी ‘काइन’ होते. आज तिथे सरळ ‘काउज’ आहे.

आपल्याकडे सासूच्या सासवा होतात, जाऊच्या जावा. पण दोन खोल्यांच्या घरात जाऊ राहते कुठे? ज्या मुलाने एका चुलीशी दोन जावा कधी पाहिल्याच नाहीत, त्याला ते अनेकवचन कोण सांगणार? त्याच्या दृष्टीने ती ‘काकी’ आणि बहुधा ‘आँटी’. शब्द कोशात राहील. त्याचे रूप मात्र जिभेवरून उतरेल.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत एवढे करा. भाऊबंदांना घरी बोलवा, जावाजावांना एका पाटावर करंज्या लाटू द्या, आणि मुलांना पणत्या मोजायला बसवा. एक पणती, दोन पणत्या. आजीच्या ‘चिल्ड्रन्स’ला हसायचेच असेल तर खुशाल हसावे, पण आधी तिच्याकडून ‘सासवा’ शिकून घ्यावे.