सांगणें आणि कळणें

कचेरींत हुकूम सुटला कीं काम झालें, अशी पुष्कळ वरिष्ठांची समजूत असते. ऐकणाऱ्यास काय कळलें, हें पाहण्याची तसदी कोण घेतो?

ता. २७ मार्च १९७७ रोजीं टेनेरीफ बेटावरील विमानतळ धुक्यानें भरला होता. एका डच विमानाच्या मुख्य वैमानिकानें परवानगीवांचूनच विमान धांवपट्टीवर सोडलें. 'आम्ही उड्डाणावर आहों', असे मोघम शब्द सहवैमानिकानें कळविले. विमान सज्ज उभें आहे, असें समजून नियंत्रकानें 'ठीक' म्हटलें. त्यापुढील 'थांबा' कर्कश आवाजांत बुडालें. समोरून त्याच पट्टीवर अमेरिकन विमान येत होतें. 'तें बाजूस झालें नाहीं काय?' असें डच विमानांतील यंत्रज्ञानें विचारलेंही. 'झालें!' हें वरिष्ठांचें ठाम उत्तर ऐकून तो गप्प बसला. ५८३ माणसें प्राणांस मुकलीं.

पुढें 'उड्डाण' हा शब्द परवानगीपुरताच राखला गेला, आणि मिळालेली परवानगी उलट म्हणून दाखविण्याचा दंडक कडक झाला. पाठशाळेंत संथा घेतांना शिष्य गुरुजींमागून म्हणतो, तसेंच हें. चूक तेथल्या तेथें सांपडते.

परंतु आम्हांस त्या यंत्रज्ञाचें गप्प बसणें अधिक बोंचतें. वडिलांस शंका विचारणें हा उद्धटपणा, असें मानणाऱ्या आपल्याच घरांतून मुलें कचेरींत जातात. मग साहेबांची चूक दिसली तरी 'होय साहेब' म्हणून कागद पुढें सरकवितात. वैमानिकांकडून मात्र आतां हाताखालच्यानें शंका ठामपणें मांडण्याचा आणि वरिष्ठानें ती ऐकण्याचा मुद्दाम सराव करवून घेतात.