डबा झाला, असं कोण म्हणालं?

‘यार, लॅपटॉप चालूच होत नाहीये.’

हॉस्टेलच्या ग्रुपवर हा मेसेज पडला की पुढच्या पाच मिनिटांत काय होतं, ते तुम्हाला पाठ असेल. एकजण म्हणतो, फॉरमॅट मार. दुसरा म्हणतो, मदरबोर्ड गेला. कुणीतरी रडणारी इमोजी टाकते, आणि मग ईएमआयवर मिळणाऱ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपची लिंक येते. ‘चालू होत नाही म्हणजे नक्की काय होतं?’ हे विचारणारा मात्र एकही नसतो.

माझं भांडण याच्याशीच आहे. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ एवढंच सांगून आपण गप्प बसतो का? ताप आहे, पोट दुखतंय, कालपासून आहे, सगळं सांगतोच ना? मग लॅपटॉपची साधी तपासणीही न करता त्याच्या नावानं मृत्यूचा दाखला का लिहून टाकतो? तो जुना असला की तर विचारायलाच नको. ‘डबा झालाय तो, टाक आता.’

माझाही डबाच आहे. मामेभावानं वापरून दिलेला, दहाएक वर्षांचा. बॅटरी केव्हाच मेलीय, त्यामुळे चार्जर लावला तरच चालतो. गेल्या वेळी दिवाळीच्या सुट्टीत तो पुण्यात रूमवरच ठेवून मी बार्शीला गेले. वीस दिवसांनी परत येऊन बटण दाबलं, तर कंपनीचं चिन्ह आलं आणि पाठोपाठ काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ. मतलब असा, की सुरू करायला कुठली डिस्कच सापडत नाही. प्रोजेक्टचा कोड, रिपोर्ट, सगळं त्यातच. सबमिशनला सहा दिवस. (बॅकअप नव्हता. हसू नका, तुमचाही नसेल.)

दुकानात नेला. काउंटरवरच्या माणसानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘हार्ड डिस्क उडाली. नवीन टाकून देतो, साडेतीन हजार. डेटा विसरा.’ घरी फोन केला. अण्णा जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘सोयाबीनचं तर तू बघितलंसच. तूर निघू दे, मग नवीनच घेऊ.’ तूर निघणार जानेवारीत. फोन ठेवल्यावर मला लॅपटॉपपेक्षा त्या ‘नवीनच घेऊ’चं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लॅबमधल्या काकांना रडगाणं ऐकवलं. त्यांनी एकच विचारलं, ‘अगं, पण येतोय कुठपर्यंत?’

आपली एसटी आली नाही, तर आपण गाडी भंगारात गेली असं म्हणत नाही. फोन करून विचारतो, ‘टेंभुर्णी सोडली का? इंदापूर आलं का?’ लॅपटॉपचंही तसंच आहे. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत त्याचेही थांबे ठरलेले असतात. आधी करंट पोचतो. मग मदरबोर्डवरचा बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि रॅम, कीबोर्ड, स्क्रीन जागेवर आहेत का, याची हजेरी घेतो. मग तो डिस्क शोधतो. आणि डिस्कवरून विंडोज उठतं. गाडी कुठल्या थांब्यावर अडली, हे कळलं की निम्मं काम झालं. ते कळायला इंजिनीअरिंगची डिग्री लागत नाही, डोळे आणि कान लागतात.

एकही दिवा लागत नाही? मग विंडोजला शिव्या घालून उपयोग नाही, ते बिचारं अजून झोपलंय. आधी प्लगचं सॉकेट बदला. मग तसाच, तेवढ्याच व्होल्टचा चार्जर कुणाकडून तरी आणून लावून बघा. तरीही नाही? चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, आणि मग नुसत्या चार्जरवर सुरू करून बघा. आत अडकून राहिलेला करंट निघून गेला की कितीतरी लॅपटॉप निमूट उठतात. का, हे माझ्या रूममेटला अजून पटलेलं नाही, पण तिचा असाच उठला होता.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी? मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारून बघा. पुसट चित्र दिसलं, तर लॅपटॉप सुरू आहे, फक्त स्क्रीनमागचा उजेड गेलाय. लॅबमधल्या मॉनिटरला केबलनं जोडला की काम चालू. चित्र नाहीच, आणि वर बीप वाजतायत किंवा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय? मोजा. तीनदा, पाचदा, जे असेल ते. ती लॅपटॉपची भाषा आहे. प्रत्येक कंपनीची वेगळी, पण मॉडेलचं नाव टाकून शोधली की अर्थ सापडतो. जुन्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. चार्जर आणि बॅटरी काढून ती पट्टी बाहेर घ्यायची, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं, भुगा झटकायचा आणि खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवायची. दुकानात यालाच ‘सर्व्हिसिंग’ म्हणतात.

विंडोजचं गोल गोल फिरतंय आणि पुढे काहीच नाही, तर उलट निर्धास्त व्हा. करंट, बोर्ड, स्क्रीन सगळं ठीक असण्याची शक्यता मोठी आहे. सुरू होतानाच दोन-तीनदा सलग बटण दाबून बंद केलं की विंडोज आपणहून दुरुस्तीचा मेनू उघडतं. तिथून सेफ मोड मिळतो. तोही नाही, तर मित्राच्या लॅपटॉपवर उबंटू किंवा मिंटचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून आपला लॅपटॉप सुरू करा आणि आधी फाइली काढून घ्या. फॉरमॅट त्यानंतर. हा क्रम उलटा झाला म्हणून वर्षभराचं काम गमावलेली मुलं मी बघितलीत.

माझी गाडी अडली होती डिस्कच्या थांब्यावर. काकांच्या सांगण्यावरून मी सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये शिरले, आणि तिथं दोन गोष्टी दिसल्या. एक, यादीत हार्ड डिस्कचं नाव व्यवस्थित होतं. मेलेला माणूस हजेरीला ‘यस सर’ कसा म्हणेल? दुसरी, तारीख होती १ जानेवारी २०१२.

गोम त्या तारखेतच होती. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. लॅपटॉप बंद असतानाही तारीख आणि बायोसची सेटिंग्ज तिच्यामुळे लक्षात राहतात. माझी ती बॅटरी संपली होती. एरवी चार्जर कायम लावलेला असायचा म्हणून ते झाकलं गेलं. वीस दिवस प्लग निघाल्यावर बायोस सगळं विसरला आणि कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेला. ते सेटिंग यूईएफआय पद्धतीचं, आणि मामेभावानं विंडोज टाकलं होतं जुन्या लेगसी पद्धतीनं. डिस्क धडधाकट, पण दोघांची भाषा जुळेना. मी बूट मोड बदलला, एफ१० दाबून सेव्ह केलं. विंडोज उठलं. पहिल्यांदा काय केलं असेन? बॅकअप! ती गोल बॅटरी काकांनीच बदलून दिली. साडेतीन हजारांचं काम चहा-वडापावच्या पैशांत झालं.

आता मुलींसाठी एक गोष्ट. लॅपटॉप बंद पडला की ‘दे गं, मी बघतो’ म्हणणारे तीन मुलगे लगेच उभे राहतात, आणि आपण पासवर्डसकट देऊन मोकळ्या होतो. त्यात आपले फोटो असतात, चॅट असतात, आधार कार्डाची कॉपी असते. दुकानात दिला तर तेच. निदान बिघाड कुठल्या थांब्यावर आहे एवढं आपल्याला माहीत असेल, तर ‘माझ्यासमोर उघडा’ किंवा ‘डिस्क काढून माझ्याकडे द्या, बाकी ठेवा’ असं ठणकावून सांगता येतं.

दुकानदार सगळे लुटारू असतात असं मी म्हणत नाही. तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सोल्डरिंग गन हातात घेऊन बसलेले काही लोक अक्षरशः जादू करतात. काही कामं त्यांचीच आहेत. डिस्कमधून टिक टिक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका, दर वेळी डेटा आणखी खोल जातो. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर चार्जर काढा आणि ती बॅटरी टोचायच्या, दाबायच्या भानगडीत अजिबात पडू नका. पण ‘बंद पडलाय’ म्हणत जाणाऱ्याला एक भाव लागतो आणि ‘बायोसमध्ये डिस्क दिसतेय, तारीख चुकतेय’ म्हणत जाणाऱ्याला दुसरा. हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

आणि हो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून तुमचा लॅपटॉप रातोरात म्हातारा झाला, हेही कुणी गळी उतरवू नये. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते, ती जुन्या मशिनांत बहुधा नसते, हे खरं. पण त्याच मशिनवर लिनक्स मिंट टाकून आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून कोडिंग, रिपोर्ट, ऑनलाइन लेक्चर सगळं होतं. गेमिंग होणार नाही. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, तर नवा घ्या बापडे, माझी ना नाही.

जानेवारीत आमची तूर विकली. त्याच सुमाराला विहिरीवरची मोटर जळली. नवी घ्यायचा विषय घरात निघालासुद्धा नाही. अण्णांनी ती काढली, पिशवीत घालून बार्शीला नेली आणि वाइंडिंग भरून दोन दिवसांत परत बसवली.