प्रोफाइलचा क्यूआर: ओळख देणारा कुठला आणि खातं देणारा कुठला?

कॉलेजच्या फेस्टमध्ये किंवा ट्रेकला नवीन ओळख झाली की पूर्वी ‘नंबर सांग, मिस कॉल देतो’ असं व्हायचं. आता एक जण क्यूआर दाखवतो, दुसरा स्कॅन करतो, विषय संपला. स्पेलिंग विचारायला नको, अंडरस्कोर एक की दोन हा घोळ नको. मीसुद्धा असंच करतो. पण त्या चौकोनातून समोरच्याला नेमकं काय मिळतं, हे प्रत्येक ॲपमध्ये वेगळं असतं. दिसायला मात्र सगळे चौकोन सारखेच, आणि खरी अडचण तिथेच आहे.

चौकोनात असतं काय?

क्यूआर कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. त्यात तुमची प्रोफाइल नसते, फक्त मजकूर असतो आणि बहुतेक वेळा तो मजकूर म्हणजे एक लिंक. मधोमध लोगो टाकला तरी कोड चालतो, कारण सर्वात वरच्या एरर करेक्शन पातळीला साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत मिळवता येते. म्हणजे कोडवर ओळखीचा लोगो दिसला म्हणून तो खरा असतो असं नाही. लोगो कुणीही चिकटवू शकतं.

सुरुवातीला ॲप्सचे स्वतःचे वेगळे कोड होते. इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये नेमटॅग आणला, पण तो इन्स्टाच्याच कॅमेऱ्याने वाचता यायचा. २०२० मध्ये इन्स्टाने साधा क्यूआर स्वीकारला आणि त्याच वर्षी व्हॉट्सॲपनेही कॉन्टॅक्टसाठी क्यूआर दिला. आता कुठलाही कॅमेरा पुरतो. यूपीआयमुळे आपल्याला ‘दिसला की स्कॅन’ ही सवय होतीच, त्यामुळे हे पटकन रुळलं.

कोण काय देतं?

इन्स्टाचा क्यूआर तुमच्या युजरनेमपर्यंत नेतो. अकाउंट प्रायव्हेट असेल तर पोस्ट बघायला परवानगी लागतेच. व्हॉट्सॲपच्या कॉन्टॅक्ट क्यूआरमधून मात्र थेट तुमचा मोबाइल नंबर जातो. आपल्याकडे याच नंबरवर बँकेचा ओटीपी येतो आणि यूपीआयही त्यालाच जोडलेलं असतं. युजरनेम उद्या बदलता येतं, नंबर बदलायचा म्हणजे डोकेदुखी.

म्हणून इव्हेंटच्या पोस्टरवर ‘माहितीसाठी संपर्क’ म्हणून एखाद्या मुलीचा व्हॉट्सॲप क्यूआर छापला जातो, तेव्हा तिचा नंबर भिंतीवर लिहिल्यासारखंच झालं. कुणी फोटो काढून पुढे पाठवला तर तो कोड तिथूनही स्कॅन होतो. व्हॉट्सॲपमध्ये क्यूआर रीसेट करता येतो, मग जुना कोड चालत नाही. पण ज्यांनी आधीच नंबर सेव्ह केला, त्यांच्याकडे तो राहतोच. सिग्नलने यावर बरा मार्ग काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी युजरनेम आणलं, आणि नंबर न दाखवता क्यूआरने ओळख देता येऊ लागली.

दुसऱ्या जातीचा क्यूआर

नंबर जाणं हा त्रास आहे. पण क्यूआरमुळे अख्खं खातंही जाऊ शकतं. व्हॉट्सॲप वेब उघडताना लॅपटॉपवर दिसतो तो लिंकिंगचा क्यूआर. तो ओळख करून देत नाही. तुम्ही तो ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून स्कॅन केला की समोरच्या स्क्रीनला तुमचं खातं मिळतं.

जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने रशियाशी संबंधित ‘स्टार ब्लिझर्ड’ या गटाची पद्धत उघड केली. युक्रेनला मदत करणाऱ्या संस्थांबद्दलच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं आमंत्रण ईमेलने यायचं, सोबत क्यूआर. तो कोड मुद्दाम बिघडवलेला असायचा. ‘चालत नाही’ असं उत्तर आलं की नवी लिंक पाठवायची, आणि त्या पानावरचा क्यूआर असायचा डिव्हाइस लिंक करण्याचा. पुढच्याच महिन्यात गुगलनेही सांगितलं की सिग्नलच्या ग्रुप आमंत्रणाच्या नावाखाली रशियाकडे झुकलेले गट अशीच चाल खेळत आहेत. यात एन्क्रिप्शन फोडावं लागलं नाही. दार माणसानेच आतून उघडलं. शिवाय फोन नेहमीसारखा चालू राहतो, त्यामुळे लवकर काही कळतही नाही.

तिथली लक्ष्यं मोठी होती, पण युक्तीला मोठा माणूस लागत नाही. वसतिगृहाच्या ग्रुपवर ‘जॉईन व्हायला स्कॅन करा’ म्हणूनही हे खपेल. त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप्सना निर्देश दिले: वेबवरचं सेशन जास्तीत जास्त ६ तासांनी बंद व्हावं आणि क्यूआरने पुन्हा जोडावं. हेतू सायबर फसवणूक रोखण्याचा आहे, आणि चोरून जोडलेलं सेशन तुटेल हा फायदा खराच. पण लिंकिंगचा कोड दिवसातून दोन-तीनदा स्कॅन करायची सवय लागली, की तो न बघता स्कॅन करायचीही सवय लागते, असं मला वाटतं.

मग करायचं काय?

• अनोळखी ठिकाणी इन्स्टाचा किंवा युजरनेमवाला क्यूआर द्या. व्हॉट्सॲपचा कोड फक्त ज्यांना नंबर द्यायचाच आहे त्यांना.

• पोस्टरवर छापायचं असेल तर कुणाच्या खासगी नंबरऐवजी मंडळाचं किंवा क्लबचं वेगळं खातं ठेवा.

• कॅमेऱ्यात लिंक दिसली की टॅप करण्याआधी डोमेन वाचा.

• ग्रुप जॉईन करायला किंवा कुणाला फॉलो करायला ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जावं लागत नाही. कुणी तिथे जायला सांगितलं तर तिथेच थांबा.

आणि हे वाचून झालं की व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. मुख्य फोनखेरीज चार डिव्हाइसेस जोडता येतात. त्यात तुमचं नसलेलं एखादं दिसलं, तर त्यावर टॅप करून लगेच लॉग आउट करा.