रंगाआधीची धूळ

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी रंगकाम निघते. छटा कोणती, किती लिटर लागेल यावर घरात चर्चा झडतात. जुना रंग काढताना उडणाऱ्या धुळीचा विचार मात्र कोणी करत नाही. रंगारी काचपेपरने दरवाजा घासत असतो, तोंडाला फार तर रुमाल असतो आणि त्याच खोलीत घरातले मूल रांगत असते. रंगकामातला सर्वांत धोक्याचा टप्पा हाच.

धोका आहे शिशाचा. जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल छटांत, शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, अशी मर्यादा भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या दारा-खिडक्यांत शिसे असू शकते. थर अखंड असेपर्यंत धोका कमी. कोरडा घासला की त्याची बारीक धूळ होते. ती श्वासातून जाते, फरशीवर बसते आणि मुलांच्या हातांवाटे पोटात उतरते.

शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेते. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्याकडे रक्तक्षय किती घरांत आहे, हे वेगळे सांगायला नको. परिणाम गाजावाजा करत येत नाहीत. मूल चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते, आणि दोष मुलाच्या माथी मारला जातो. हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते.

रंग नसलेले लाकूडही निरुपद्रवी नाही. लाकडाच्या धुळीमुळे नाकाचा व सायनसचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. सागवानाच्या भुशाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो.

उपाय साधे आहेत. पृष्ठभाग ओला करून वॉटर पेपरने घासावा. ज्योतीने किंवा तापवून रंग जाळू नये. त्यातून शिशाचा धूर निघतो. खाली प्लास्टिक अंथरावे, खोलीचे दार बंद ठेवावे, लहान मुले व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे. काम संपल्यावर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. तोंडाला रुमाल नव्हे, नीट बसणारा एन-95 मास्क हवा.

प्रश्न उरतो तो खर्चाचा. ओले घासायचे तर लाकूड वाळेपर्यंत थांबावे लागते, एखादा दिवस वाढतो. ठेकेदाराला ती घाई, घरमालकाला ती बचत वाटते. किंमत मोजतो रंगारी. घरमालकाच्या दारावर तो वर्षातून एकदा असतो, धुळीत मात्र रोज. तीच धूळ कपड्यांवरून त्याच्या घरी, त्याच्या लेकरांपर्यंत जाते. म्हणून मास्क, हात धुवायला साबण-पाणी आणि कपडे बदलायला जागा देणे ही घरमालकाची मेहेरबानी नव्हे, जबाबदारी आहे. सरकारी रुग्णालयांत रंगाऱ्यांच्या रक्तातील शिशाची तपासणी सहज व्हायला हवी. रंगाचा भाव ठरवताना धुळीचा हिशेबही आधीच झाला पाहिजे.