जुनी पेटी घेताना
परभणी जिल्ह्यात भजनी मंडळ नसलेलं गाव विरळाच. गंगाखेड तर साक्षात जनाबाईंचं. नव्या पेटीची किंमत ऐकली की मंडळं जुनीकडे वळतात आणि नेमकी चकाकणाऱ्या पॉलिशला भुलतात. पॉलिश राहू द्या. आधी भाता भरा आणि हात सोडा. पट्टी न दाबता हवा झरझर उतरली तर आतलं चामडं गेलंय. मग एकेक पट्टी दाबून खर्ज (खालचे) आणि नर (वरचे) सूर वेगवेगळे ऐका. शेवटी सुरांची फळी उघडायला लावा, विकणारा कुरकुरला तरी. पितळी जिभेच्या टोकाशी कानशीचे ओरखडे असतील तर सूर चढवलाय, बुडाशी असतील तर उतरवलाय. फार घासलेली जीभ ऐन भजनात दगा देते. ‘जर्मन सूर’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर फळीवरचा शिक्का दाखवायला सांगा. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूरही नावाजलेले आहेत, त्यांना कमी लेखू नका. आणि विकणाऱ्यांनो, उंदरांनी कुरतडलेला भाता, बदललेले सूर आधीच सांगून टाका. समोरचा माणूस गावाची वर्गणी घेऊन आलेला असतो.